प्लेगची लस आणि हाफकिन साहेब

मित्रांनो, आमच्या नामपूरला आजी सांगायची, पूर्वी घरात उंदीर मरून पडायला लागले की लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहायचे. कारण प्लेग! या रोगावरची लस तयार झाली ती आपल्या मुंबईत, आणि करणारे होते वाल्डेमार हाफकिन.

त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला. तिथे त्यांना शिकवायला मेचनिकॉफ होते. शरीरातल्या काही पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे मेचनिकॉफ यांनी दाखवून दिले. पण प्लेगचा जंतू महाबिलंदर! गिळला तरी काही वेळा पचत नाही. पेशीच्या पोटातच वाढतो आणि बाहेर पडतो तो अंगावर असे आवरण घेऊन, की पुढच्या पेशींना तो सहज गिळता येत नाही. अशा वेळी प्रतिपिंडे जंतूला चिकटून गिळणे सोपे करतात, तर टी-पेशी संदेश पाठवून गिळणाऱ्या पेशींना आतला जंतू मारायला बळ देतात. हे सगळं पुढे कळलं. हाफकिन यांच्या हातात तेव्हा फक्त उष्णतेने मारलेले जंतू होते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या लहानशा जागेत त्यांनी लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. लस शंभर टक्के नव्हती, पण घेणाऱ्यांत आजार आणि मृत्यू कमी झाले.

आणि मग घात झाला. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. खापर हाफकिन यांच्यावर फुटलं, पद गेलं. खरं तर बाटली उघडताना तिथल्या मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस वगैरे शास्त्रज्ञ पाठीशी उभे राहिले, तेव्हा कुठे १९०७ साली ते निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. मुंबईची जुनी खुर्ची काही मिळाली नाही.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.

आपलाही प्रोजेक्ट फसला की आपण लगेच कुणावर तरी ढकलून मोकळे होतो. मित्रांनो, तेव्हा आधी तो चिमटा शोधा!