अक्षरांचे कारागीर : कै. जावजी दादाजी चौधरी

आपल्या पुष्कळ कुटुंबांत आजोबा-पणजोबांच्या वेळचे एखादे संस्कृत काव्य किंवा स्तोत्रांची पोथी अद्याप जपून ठेवलेली असते. तिच्या मुखपृष्ठावर बहुधा ‘निर्णयसागर’ हे नाव आढळते. त्या नावामागील पुरुषाचे चरित्र मात्र आपल्या नव्या पिढीस फारसे ठाऊक नाही.

जावजी दादाजी यांचा जन्म १८३९ साली मुंबईत झाला. घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील उंबरखांडचे. घरची स्थिती अत्यंत हलाखीची असल्यामुळे शिक्षण अक्षरओळखीपलीकडे गेले नाही, आणि वयाच्या दहाव्या वर्षी हा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर टाइप घासण्याच्या कामास लागला. ओतून निघालेल्या शिशाच्या खिळ्याच्या कडा घासून त्या सारख्या करावयाच्या, हे ते काम. हात काळे करणारे आणि कंटाळवाणे. परंतु ज्याच्या ठायी निरीक्षण आहे त्याला तीच शाळा होते. त्या छापखान्यातील टॉमस ग्रॅहम हे देवनागरी टाइप घडविण्यात निष्णात होते. त्यांच्या हाताखालील कामात जावजींची नजर तयार झाली. पुढे ‘इंदुप्रकाश’ वगैरे छापखान्यांतून नोकऱ्या करीत त्यांनी ओतकामाची सर्व अंगे आत्मसात केली.

येथे टाइप म्हणजे काय, हे थोडे सांगणे अवश्य आहे. नाही तर जावजींच्या साहसाचे मोल कळावयाचे नाही. प्रथम पोलादाच्या दांडीच्या टोकावर उलटे अक्षर कोरावयाचे. तो ठसा तांब्यावर ठोकून त्याची खोलगट मातृका घ्यावयाची आणि ती साच्यात बसवून वर शिशाचा रस ओतावयाचा, तेव्हा एक खिळा तयार होतो. इंग्रजी वर्णमालेस सव्वीस अक्षरे. त्यांची मोठी आणि लहान रूपे धरली तरी हिशेब आटोपशीर राहतो. देवनागरीत स्वर, व्यंजने, काना-मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे मिळून खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी मोजावे लागतात. शिवाय एका आकाराचा ठसा दुसऱ्या आकारास चालत नाही.

ग्रंथाच्या मथळ्याचा प्रश्न येतो तो येथेच. इंग्रजी मुद्रकास शीर्षक वेगळे दाखवावयाचे झाल्यास कॅपिटल अक्षरे असतात, तिरपा इटालिक टाइप असतो. आपल्या लिपीत कॅपिटल नाहीत, आणि तिरप्या वळणाची परंपराही नाही. तेव्हा प्रकरणाचे नाव, मूळ श्लोक, टीका आणि तळटीप यांचा भेद डोळ्यांस दाखवावयाचा तो अक्षराच्या लहानमोठेपणाने, ठळकपणाने आणि भोवती सोडलेल्या कोऱ्या जागेने. म्हणजे मथळ्यासाठी एक आकार वाढविला की शेकडो ठसे नव्याने कोरणे आले! आज संगणकावर शीर्षकाचे वळण ठरवून दिले की सबंध ग्रंथातील मथळे एका क्षणात पालटतात. त्या काळी तो महिनोगणती मजुरीचा आणि पदरच्या पैशाचा प्रश्न होता.

अशा धंद्यात, पाठीशी भांडवल नसताना, १८६४ साली जावजींनी स्वतःचा टाइप ओतण्याचा लहानसा कारखाना काढला. नोकरीचा निश्चित पगार सोडून संसारी माणसाने असे करणे हे धाडसच होते. माल खपला नसता तर घरच्या माणसांस काय भोगावे लागले असते, हे सांगावयास नको. या कामी त्यांना राणोजी रावजी आरू या कुशल कारागिराचे साहाय्य लाभले. सुबक अक्षराचे श्रेय एकट्या धन्यास देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती येथे तरी मोडावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पोलादावर वेलांटीचे वळण उतरविणारा हात राणोजींचा होता, आणि त्या हाताची पारख करणारा डोळा जावजींचा.

१८६९ साली निर्णयसागर छापखाना निघाला. स्वतःच्याच टाइपाने छापावयाचे असल्यामुळे कोणत्या मजकुरास कोणता आकार, हे ठरविण्याची मोकळीक त्यांना मिळाली. टीकेसह छापलेले त्यांचे एखादे काव्य उघडून पाहावे. मूळ श्लोक मोठ्या टाइपात, त्याखाली टीका लहान टाइपात, पाठभेद आणखी बारीक टाइपात तळाशी. सर्गाचे नाव शोधावे लागत नाही. पंडित असो वा विद्यार्थी, ज्यास जे हवे तेथे त्याची दृष्टी आपोआप जाते.

१८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक सुरू झाले, ते याच छापखान्यातून निघे. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली ‘काव्यमाला’ निघू लागली, आणि हस्तलिखितांत अडकून पडलेले कितीतरी संस्कृत ग्रंथ विद्वानांच्या हाती आले. ज्यास स्वतःस पाठशाळेचा लाभ झाला नाही, त्याच्या छापखान्यातील ग्रंथ पाठशाळांतून अभ्यासिले जावेत, हा योग विलक्षणच. विद्वानांस पदरी ठेवून, त्यांच्याकडून मुद्रिते कसून तपासून घेण्यात जावजींनी खर्चाकडे पाहिले नाही. शुद्ध छपाई हा निर्णयसागरचा लौकिक झाला तो त्यामुळे.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजी निवर्तले. वय अवघे त्रेपन्नच्या आसपास. पुढे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी छापखाना सांभाळला आणि ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर वडिलांचे नाव कायम राखले. निर्णयसागरच्या कित्येक आवृत्त्यांची पुढील काळात इतर प्रकाशकांनी छायाचित्र पद्धतीने जशीच्या तशी पुनर्मुद्रणे केली. त्यांतून त्या जुन्या खिळ्यांचेच ठसे, मथळ्यांसकट, आजही वाचावयास मिळतात.