शनिवार रात्रीच्या मैफलीचे जनक

रेडिओ हेच घरातील करमणुकीचे मुख्य साधन होते, त्या काळी शनिवारी रात्री साडेनऊ वाजले की अनेक मध्यमवर्गीय घरांत बोलणे आपोआप थांबत असे. दिल्लीहून प्रसारित होणारा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम तेव्हा सुरू होई आणि पुढचा दीड तास एकाच कलावंताचा असे. 20 जुलै 1952 रोजी सुरू झालेला हा कार्यक्रम पुढे अनेक दशके चालला. तो ज्यांच्या आग्रहातून जन्मला, ते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मात्र आज चित्रपटगीतांना बंदी करणारे मंत्री एवढ्याच ओळखीने उरले आहेत.

केसकरांचा जन्म 1903 मध्ये पुण्यात झाला. असहकाराच्या चळवळीने त्यांना काशी विद्यापीठाकडे नेले, तेथून ते पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठात गेले व डॉक्टरेट घेऊन परतले. काँग्रेसचे सरचिटणीसपद, परराष्ट्र खात्याचे उपमंत्रिपद या पायऱ्या ओलांडून 1952 मध्ये ते नभोवाणी मंत्री झाले आणि सलग दहा वर्षे त्या पदावर राहिले. ते स्वतः धृपदाची तालीम घेतलेले गायक होते. नभोवाणी खात्याला असा मंत्री क्वचितच लाभला असेल!

संस्थाने विलीन झाली होती, दरबारचा आश्रय संपला होता. अशा वेळी सरकारी नभोवाणीने कलावंतांना मानधन दिले आणि पूर्वी दरबारात ज्यांना प्रवेश नव्हता, अशा श्रोत्यांपर्यंत त्यांना पोहोचवले. 1952 मध्येच दिल्लीत पंडित रविशंकर यांच्याकडे वाद्यवृंद सोपवण्यात आला. 1954 पासून आकाशवाणी संगीत संमेलन भरू लागले. कलावंतांची चाचणी व श्रेणी ठरविण्याचे काम पंडित श्रीकृष्ण रातंजनकर यांच्यासारख्या विद्वानाकडे गेले. परंतु आयुष्यभर गाणाऱ्या उस्तादांनाही परीक्षकांपुढे बसावे लागणार, हे अनेकांना रुचले नाही आणि निषेध झाले. पेटीवरील बंदी 1940 पासूनचीच. केसकरांनी ती उठवली नाही. नाट्यसंगीत पेटीच्या सुरांवर वाढलेल्या मराठी रसिकाला ही गोष्ट विशेष खटकणारी होती.

चित्रपटगीतांना त्यांनी वेळेची मर्यादा घातली, चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरवली. निर्मात्यांनी परवानगी काढून घेतली आणि गाणी बंद झाली. श्रोत्यांनी निमूटपणे सुई सरकवून रेडिओ सिलोन लावले. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. चित्रपटगीतांना पर्याय म्हणून सुगम संगीताला बळ देण्याचे त्यांचे धोरण मात्र सर्वस्वी वाया गेले नाही. पुणे केंद्रावर 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर चाललेले ‘गीतरामायण’ त्याच काळातील.

तरीही केसकरांच्या विचारातील एक बाजू टाळता येणार नाही. मुसलमान उस्तादांच्या घराण्यांनी संगीताला शास्त्रापासून व धर्मापासून तोडले आणि कोठ्यांवर नेले, असे त्यांचे मत होते व ते त्यांनी लिहूनही ठेवले. येथे नगरकरांना आपल्या भुईकोट किल्ल्याची आठवण व्हावी. 1942 मध्ये तेथे बंदिवान झालेल्या मौलाना आझादांनी 1943 मध्ये लिहिलेल्या एका प्रदीर्घ पत्राचा विषय संगीत हाच आहे. सतारीची तालीम घेतलेल्या मौलानांनी त्यात मुसलमान अभ्यासकांनी व राज्यकर्त्यांनी भारतीय संगीताची केलेली जोपासना मोठ्या जिव्हाळ्याने मांडली आहे. पुढे हे दोघे नेहरूंच्या सरकारात सहकारी होते. इतिहासाबाबत मौलानांचे म्हणणे अधिक सच्चे वाटते. खुद्द केसकरांच्या कार्यक्रमानेही त्यालाच पुष्टी दिली, कारण शनिवारच्या त्या मैफली गाजल्या त्या उस्ताद बडे गुलाम अली खाँ, उस्ताद अमीर खाँ यांच्या गळ्यानेही. मंत्र्यांचे मत काहीही असो, ध्वनिक्षेपकापुढे सूरच चालला.

1962 च्या निवडणुकीत केसकर उत्तर प्रदेशातून पराभूत झाले व मंत्रिपदही गेले. त्यानंतर नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. 1967 मध्ये भारतीय संगीतावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. 1971 मध्ये आकाशवाणीने पेटीवरील बंदी शिथिल केली. 1984 मध्ये केसकरांचे निधन झाले, तेव्हा शनिवारची मैफल सुरूच होती.