सीताफळाच्या वाटेनं सूक्ष्मदर्शकाकडे : डॉ. कमल रणदिवे

कांद्याचा पापुद्रा पाहायला वर्गात सूक्ष्मदर्शक एकच, आणि माझा नंबर लागेपर्यंत घंटा झाली. पुढे इंजिनिअरिंगला गेले, पेशी सुटल्या त्या सुटल्याच. तरी स्मरणिकेसाठी लिहायचं ठरल्यावर कॉम्प्युटरऐवजी डॉ. कमल रणदिवे आठवल्या.

माहेरच्या कमल समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत; मुलगी हुजूरपागेत शिकली. तिनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं अशी वडिलांची इच्छा. (आपल्यापैकी कितीजणींच्या घरी हेच होतं!) तिनं दोन्ही केलं नाही. १९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी लग्न केलं आणि १९४३ मध्ये एम.एस्सी. झाली. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातली गुणसूत्रं! बालाघाटातल्या आपल्यासारख्यांना आणखी काय हवं?

मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्या कर्करोगाकडे वळल्या. १९४९ मध्ये पीएच.डी. मिळाली. उंदरांच्या काही जातींमध्ये स्तनाचा कर्करोग खूप होतो, काहींमध्ये क्वचितच. गुरु-शिष्येनं अशा चार जातींच्या निरोगी स्तनग्रंथी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. आम्ही बिघाड शोधताना धडपणे चालणारा कोड आधी वाचतो, तसंच हे.

ही ग्रंथी तशी विलक्षण. गर्भात त्वचेच्या वरच्या थरावर जाडसर ठिपके उठतात, उंदरात पाच जोड्या. ठिपका खालच्या चरबीत रुतत जातो, त्याची नळी होते, नळीला फांद्या फुटतात. जन्मानंतर वाढ मंदावते, वयात येताना पुन्हा जोर धरते आणि दुधाच्या पिशव्या भरतात त्या गर्भारपणातच. म्हणजे बाईच्या आयुष्यातला प्रत्येक टप्पा या ऊतीत उमटतो. संप्रेरकं, बाळंतपण आणि कर्करोग यांचा संबंध रणदिवेबाई पुढे शोधत राहिल्या, त्याचं मूळ इथे आहे.

अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढवायला शिकून त्या परतल्या आणि मुंबईत देशातली पहिली ऊती संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९६६ ते १९७० भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सांभाळलं. १९७३ मध्ये मैत्रिणींसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाला.

मला त्यांचं शेवटचं काम जास्त जवळचं वाटतं. प्रयोगशाळा सोडल्यावर या बाई नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करत हिंडल्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या.

२०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारला समिती नेमावी लागली. कुणी तिशीतल्या, कुणी त्याहून लहान. बातमी वाचताना मला आपल्या वर्गाचा खिडकीजवळचा बाक दिसला, दिवाळीनंतर रिकामा राहणारा. त्या बाकावरच्या दोघी मेळाव्याला आल्या नाहीत. कुणाकडे त्यांचे नंबर असतील तर मला नक्की कळवा.