सुवर्णपदकाचा पहिला मानकरी

आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांचे नाव निघाले की सभा गाजविणारा वक्ता, ‘झेंडूची फुले’चा विडंबनकार आणि ‘मराठा’चा लढाऊ संपादक डोळ्यांसमोर येतो. चित्रपट निर्माते म्हणून त्यांची आठवण मात्र क्वचितच निघते. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले ते त्यांच्याच चित्रपटाला!

१३ ऑगस्ट १८९८ रोजी जन्मलेले, सासवडच्या मातीत वाढलेले अत्रे पेशाने शिक्षक. चित्रपटसृष्टीत ते आले लेखक म्हणून. हंस पिक्चर्ससाठी त्यांनी लिहिलेल्या ‘ब्रह्मचारी’ने १९३८ मध्ये खळबळ उडविली. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या होत्या. पुढच्याच वर्षी ‘ब्रँडीची बाटली’ आला. मास्टर विनायक यांच्यासह ते ‘नवयुग’ चित्रपट कंपनीत गेले, पण तेथे फार काळ रमले नाहीत. दुसऱ्याच्या कंपनीत मान तुकविणे हा त्यांचा पिंडच नव्हता. त्यांनी स्वतःची अत्रे पिक्चर्स ही संस्था काढली. ‘पायाची दासी’ (१९४१) व ‘वसंतसेना’ (१९४२) ही तिची निर्मिती. दोन्हींत ग्वाल्हेरच्या वनमाला होत्या. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मुळे त्या एव्हाना देशभर ठाऊक झाल्या होत्या.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. विनोदासाठी ख्यातकीर्त असलेल्या माणसाने ही करुणरम्य कथा पडद्यासाठी निवडणे हे धाडसच होते. एका गरीब कोकणी घरातली आई आणि तिचा हूड मुलगा, एवढाच ऐवज. अत्रे यांनी निर्मितीबरोबर दिग्दर्शनही स्वतःकडे ठेवले. सिकंदरची नायिका वनमाला येथे श्यामची आई झाली, माधव वझे श्याम झाले, संगीत वसंत देसाईंचे. १९५३ मध्ये चित्रपट झळकला आणि १९५४ साली, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, सर्वोत्कृष्ट ठरला. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला त्या वर्षी गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. मराठीसारख्या प्रादेशिक भाषेसाठी ही बाब लहान नव्हती.

यशाच्या लाटेवर आणखी एखादा कौटुंबिक चित्रपट काढणे सोपे होते. अत्रे यांनी निवडले महात्मा फुले! मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित राहिले. विदर्भाचे संत गाडगे महाराज चक्क पडद्यावर आले. बाबूराव पेंढारकर जोतिरावांच्या, तर सुलोचना सावित्रीबाईंच्या भूमिकेत होत्या. या चित्रपटास मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.

नंतर संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी दैनिक ‘मराठा’ सुरू झाला आणि अत्रे यांची सारी शक्ती छापखाना व सभांकडे वळली. १३ जून १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. ‘श्यामची आई’ २०२३ मध्ये दिग्दर्शक सुजय डहाके यांनी पुन्हा पडद्यावर आणली, तीही कृष्णधवल रंगातच.