दगडातले लोखंड शोधणारे जमशेटजी टाटा

मी इयत्ता चौथीत शिकते. या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी प्रत्येकाला एका थोर माणसाचे चरित्र लिहायला सांगितले. मी जमशेटजी टाटा यांचे चरित्र लिहिले आहे. ते मला आमच्या घरच्या विळीमुळे सुचले. कसे ते आधी सांगते.

लोणच्यासाठी मी आजीला कैऱ्या चिरून दिल्या. फोडींना मीठ लावले आणि विळी तशीच न धुता कोपऱ्यात ठेवून खेळायला पळाले. रात्री पाऊस आला. सकाळी बघते तर विळीचे पाते तांबडे! आजी फार रागावली. मी शाळेत गुरुजींना विचारले की असे का झाले. त्यांनी सांगितले की लोखंडाला हवेतला प्राणवायू आणि ओलावा मिळाला की ते गंजते. मीठ लागलेले असले तर आणखी लवकर गंजते, कारण मिठात क्लोरीन असतो आणि तो लोखंडाला स्वस्थ बसू देत नाही. मग गुरुजी म्हणाले की खाणीतले लोखंडसुद्धा असेच प्राणवायूला चिकटून बसलेले असते. म्हणून तो दगड तांबडा दिसतो. त्या दगडातून लोखंड सोडवणे हे फार कठीण काम आहे. त्यासाठी ज्यांनी बावीस वर्षे खटपट केली ते जमशेटजी.

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव नसरवानजी आणि आईचे नाव जीवनबाई. त्यांचे घराणे पारशी धर्मगुरूंचे होते. पण वडील मुंबईला जाऊन व्यापार करू लागले. जमशेटजींनी मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण घेतले. १८६८ साली त्यांनी २१,००० रुपये भांडवलावर स्वतःची पेढी काढली. पुढे त्यांनी नागपूरला कापडाची मोठी गिरणी उभारली. ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिचे नाव एम्प्रेस मिल.

पण त्यांच्या मनात लोखंड होते. आपल्या देशात गावोगावचे कारागीर लाकडी कोळशावर थोडे थोडे लोखंड काढत असत. पण रेल्वेचे रूळ, पूल आणि यंत्रे परदेशातून यायची. १८८२ साली जमशेटजींच्या वाचनात एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. आपल्या महाराष्ट्रातल्या चांदा जिल्ह्यात लोहारा गावाजवळ चांगले लोखंडाचे दगड आहेत असे त्यात लिहिले होते. चांदा म्हणजे आताचे चंद्रपूर. जवळच वरोऱ्याला कोळशाची खाण होती. लोखंड पण तिथेच, कोळसा पण तिथेच! जमशेटजींना फार आनंद झाला असेल असे मला वाटते.

आता कोळसा कशाला लागतो ते सांगते. मला आधी वाटायचे की कोळसा फक्त तापवायला लागतो. पण तसे नाही. उंच भट्टीत लोखंडाचा दगड, चुनखडी आणि कोक असे थर टाकतात. कोक म्हणजे हवा न लागू देता भाजलेला दगडी कोळसा. खालून गरम हवेचा जोराचा झोत सोडतात. कोक जळतो आणि त्याचा वायू होतो. हा वायू लोखंडाला चिकटलेला प्राणवायू ओढून घेतो. मग लोखंड मोकळे होते आणि वितळून खाली साचते. दगडातली घाण चुनखडी धरते, तिची मळी होते आणि ती डाळीवरच्या फेसासारखी वर तरंगते. या लोखंडाला बीड म्हणतात. त्यात कोळशाचा अंश राहतो म्हणून ते ठिसूळ असते. तो अंश जाळून कमी केला की चिवट पोलाद होते. याचे चित्र मी उजव्या कोपऱ्यात काढले आहे. ते जरूर पाहा.

पण वरोऱ्याचा कोळसा तपासला तेव्हा तो कामाचा निघाला नाही. त्याचा कोक होईना. हे मला आधी कळले नाही. मग आजीने भाकरी करताना दाखवले. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. मग कितीही मळा, भाकरी थापताना चिरते. तसाच कोळशाचा प्रकार आहे. काही कोळसा भाजताना एकमेकांना धरून घट्ट होतो, काही नुसता भुगा होतो. भट्टीत वरून एवढ्या दगडांचे ओझे असते. भुगा झाला तर हवा वर जाणारच नाही आणि भट्टी गुदमरेल. म्हणून लोहाऱ्याचे दगड चांगले असूनही उपयोग झाला नाही. शिवाय त्या वेळच्या इंग्रज सरकारचे खाणींचे नियमही फार जाचक होते.

दुसरा कोणी असता तर त्याने नाद सोडला असता. जमशेटजींनी सोडला नाही. ते लोखंडाची आणि कोळशाची माहिती गोळा करत राहिले. १८९९ साली खाणींचे नियम सैल झाले. तेव्हा ते साठ वर्षांचे होते. आमचे आजोबा साठाव्या वर्षी ओट्यावर बसायला लागले. जमशेटजी १९०२ साली बोटीने अमेरिकेला गेले, तिथले कारखाने त्यांनी पाहिले आणि तिथले तज्ज्ञ भारतात बोलावले. त्याच वर्षी त्यांनी आपल्या मुलाला, दोराबजींना, पत्र लिहिले. कामगारांच्या गावात रुंद रस्ते, सावलीची झाडे आणि मुलांना खेळायला मैदाने असावीत असे त्यात होते. कारखान्याची जागासुद्धा अजून सापडली नव्हती, पण त्यांनी झाडांचा विचार केला. हे मला सगळ्यांत आवडले.

१९०४ च्या फेब्रुवारीत प्रमथनाथ बोस या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञांनी टाटांना पत्र पाठवून कळवले की मयूरभंज संस्थानात लोखंडाचे फार मोठे साठे आहेत. ते आता ओडिशात आहे. तिथून झरियाच्या खाणी फार लांब नाहीत आणि झरियाच्या कोळशाचा कोक होतो. पण १९ मे १९०४ रोजी जमशेटजी जर्मनीत वारले. त्यांनी आपल्या कारखान्याचे लोखंड पाहिलेच नाही. हे वाचून मला वाईट वाटले.

काम मात्र थांबले नाही. १९०७ साली कंपनी निघाली. सुमारे ८,००० भारतीय लोकांनी तीन आठवड्यांत भांडवल उभे केले. झारखंडमधील साकची या गावी भट्टी बांधली. डिसेंबर १९११ मध्ये पहिले बीड बाहेर पडले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये पोलाद झाले. १९१९ साली साकचीला जमशेटजींचे नाव दिले. तेच आजचे जमशेदपूर शहर.

आता एक गोष्ट राहिली. सगळे धातू कोकने सुटत नाहीत. आपले मीठ म्हणजे सोडियम धातू आणि क्लोरीन. क्लोरीनने सोडियमला इतके घट्ट धरलेले असते की कोक त्यांना वेगळे करू शकत नाही. मीठ वितळवून त्यातून वीज सोडली तर सोडियम एका बाजूला आणि क्लोरीन वायू दुसऱ्या बाजूला निघतो. पाण्याच्या टाकीत टाकतात त्या टीसीएल पावडरमध्ये हाच क्लोरीन असतो. तिचा वास आपल्याला माहीत आहे. ॲल्युमिनियमही विजेनेच सुटते. आपला डबा त्याचाच असतो. सह्याद्रीच्या पाण्यावर वीज करावी हेसुद्धा जमशेटजींचे स्वप्न होते. ते गेल्यावर १९१५ साली खोपोलीला वीज सुरू झाली.

हे मी लिहिले तेव्हा आजीला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारले की यात आपले धरण कुठे आहे? मी म्हटले, ते जमशेटजी गेल्यावर झाले. आजी म्हणाली की तरी लिही. मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले की जे खरे आहे ते लिहायला घाबरू नये.

म्हणून लिहिते. टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधायला घेतले, तेव्हा इथल्या शेतकऱ्यांची भाताची खाचरे आणि घरे पाण्यात जाणार होती. १९२१ साली त्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. पुष्कळ लोक तुरुंगात गेले, बायकासुद्धा गेल्या. तरी धरण झालेच. त्याचे पाणी कोकणात भिऱ्याला उतरते आणि तिथे १९२७ पासून वीज होते. ती वीज मुंबईला गेली.

मग जमशेटजी थोर की नाही, असे आमच्या वर्गात भांडण झाले. मला वाटते ते थोर होते. एका ठिकाणी हरले तरी त्यांनी काम सोडले नाही आणि कामगारांसाठी झाडे लावायला सांगितली. पण जमीन वाचवायला उभे राहिलेले आपले लोकही थोर होते. लोखंड दगडातून सोडवताना मळीसुद्धा निघते. ती कुठे टाकायची, कोणाच्या दारात टाकायची नाही, याचाही विचार मोठ्या माणसांनी करायला हवा, असे मला वाटते.

मी आता विळी धुऊन, कोरडी पुसून, तेलाचा हात लावून ठेवते. एवढ्या कष्टाने सोडवलेले लोखंड फुकट गंजू देऊ नये. तुम्हीही देऊ नका.