जॉन बॉइड डनलॉप आणि सायकलचें चाक

शाळा सुटल्याची घंटा झाली म्हणजे फाटकाजवळच्या छपरांतून सायकली एकामागून एक बाहेर पडूं लागतात. गेल्या पावसाळ्यांत अशाच वेळीं आमच्या एका विद्यार्थ्याची सायकल आम्ही सहज धरून पाहिली. पुढच्या ब्रेकचें रबर रिमवर न बसतां टायरच्या कडेस घासत होतें, आणि टायरचे धागे उघडे पडले होते. आणखी चार दिवस असेच गेले असते तर उतारावर काय प्रसंग ओढवला असता, हें सांगावयास नको. ही चूक कशी होते हें समजण्यास, ज्याच्या खटपटीमुळें आजचें चाक प्रचारांत आलें त्या गृहस्थाचें चरित्र उपयोगी पडेल, म्हणून तें येथें थोडक्यांत देत आहों.

जॉन बॉइड डनलॉप याचा जन्म इ. स. १८४० च्या फेब्रुवारी महिन्याच्या ५ व्या तारखेस स्कॉटलंडांतील ड्रेगहॉर्न या गांवीं झाला. त्यानें एडिंबरो येथें पशुवैद्यकाचा अभ्यास केला आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं तो परीक्षा उतरला. इ. स. १८६७ मध्यें तो आयर्लंडांत गेला व पुढें बेलफास्ट शहरीं त्यानें आपल्या धंद्यांत मोठाच जम बसविला. घोडीं-गुरें बरीं करणें हें त्याचें नित्याचें काम. यंत्रकार म्हणून त्याची ख्याति मुळींच नव्हती.

त्याला जॉनी नांवाचा एक मुलगा होता. त्याच्याजवळ एक तिचाकी सायकल होती. त्या काळीं सायकलींच्या चाकांना भरीव रबराच्या धांवा असत, आणि बेलफास्टच्या दगडी फरसबंदीवरून जातांना मुलाचें अंग खिळखिळें होई. इ. स. १८८७ च्या अखेरीस बापानें यावर उपाय शोधण्याचें मनांत घेतलें. त्यानें लांकडाची एक वाटोळी चकती घेतली, पातळ रबराची नळी करून ती चकतीभोंवतीं कापडाच्या पट्टीनें बसविली, आणि फुटबॉलच्या पंपानें तींत हवा भरली. मग अंगणांत त्यानें भरीव धांवेचें चाक व ही चकती सारख्याच जोरानें सोडून पाहिलीं. भरीव चाक मध्येंच आडवें झालें. हवेची चकती मात्र अंगणाच्या पार टोंकापर्यंत गेली. एवढें प्रत्यक्ष पाहिल्यावरच त्यानें तिचाकीस हवेचे टायर बसविले, आणि इ. स. १८८८ च्या फेब्रुवारीच्या २८ व्या तारखेस रात्रीं जॉनीनें त्यांवर पहिली फेरी मारली. त्याच वर्षीं डनलॉपनें पेटंट घेतलें.

पुढील वर्षाच्या मे महिन्यांत बेलफास्ट येथील शर्यतींत विल्यम ह्यूम हा स्वार या नव्या टायरांवर बसून उतरला. ते जाड टायर पाहून लोक हंसले. परंतु त्यानें भाग घेतलेल्या सर्व शर्यती जिंकल्या, आणि हंसणारे गप्प बसले. हार्वे द्यु क्रो या डब्लिनच्या व्यापाऱ्यानें हें पाहून इ. स. १८८९ मध्यें कंपनी उभारली. डनलॉपहि तींत सामील झाला.

इतक्यांत मोठा आघात झाला. इ. स. १८४५ सालींच रॉबर्ट विल्यम टॉमसन या दुसऱ्या एका स्कॉच गृहस्थानें घोडागाड्यांसाठीं हवेच्या चाकाचें पेटंट घेतलें होतें. त्यामुळें डनलॉपचें पेटंट इ. स. १८९० मध्यें निरर्थक ठरलें. कंपनी इतरांचीं पेटंटें विकत घेऊन तरली. इ. स. १८९६ मध्यें ती तीस लक्ष पौंडांस विकली गेली; परंतु डनलॉप त्यापूर्वींच तींतून बाजूस झाला होता, व त्या संपत्तीचा फारच थोडा अंश त्याच्या हातीं आला. उतारवयांत कंपनीनें जाहिरातींत त्याचें चित्र नखरेल पोशाखांत छापलें, तेव्हां मात्र हा साधा मनुष्य न्यायासनापुढें गेला. इ. स. १९२१ च्या ऑक्टोबरच्या २३ व्या तारखेस डब्लिन येथें तो निवर्तला. पुढें इ. स. १९३६ मध्यें हुगळीजवळ साहागंज येथें त्याच्या नांवाचा कारखाना निघाला, व आपल्या देशांत तें नांव घरोघर झालें.

आतां ब्रेकाकडे वळूं. जुन्या सायकलींस लोखंडी चमच्यासारखा एक तुकडा असे, तो वरून धांवेवरच दाबावयाचा. भरीव रबराला हें सोसे. हवेचा टायर मात्र अशा घासण्यानें लवकर झिजे. म्हणून पुढें ब्रेक टायर सोडून रिमवर आला. रिमची ब्रेक लागण्याची जागा फार अरुंद असते. रबर वर गेलें तर टायर कापतें, खालीं गेलें तर आऱ्यांत शिरतें.

आमच्या विद्यार्थ्याच्या हातून नेमकें हेंच झालें. त्यानें जुन्या सायकलीचीं २७ इंची चाकें काढून ७०० मापाचीं बसविलीं. नव्या रिमचा व्यास ८ मिलिमीटरांनीं लहान, म्हणजे रिम ब्रेकाच्या बोल्टापासून ४ मिलिमीटर दूर गेली. ब्रेकाच्या भुजा मात्र पूर्वींच्याच राहिल्या, आणि रबर खालीं सरकविण्यास खांचेंत जागा उरली नव्हती. ब्रेकाचा पल्ला मोजणें अवघड नाहीं. चाक जागीं बसवून, चिमट्यावरील बोल्टाच्या भोंकाच्या मध्यापासून रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्टीच्या मध्यापर्यंत सरळ खालीं माप घ्यावें. आंखूड पल्ल्याचे ब्रेक साधारण ३९ ते ४९ मिलिमीटरांचे, त्याहून लांब ४७ ते ५७ मिलिमीटरांचे मिळतात. आपलें माप ज्यांत मधोमध बसेल तो घ्यावा. लांब तितका चांगला असेंहि नव्हे. भुजा लांबली कीं ती लवते व पकड ढिली होते.

आमचे पुष्कळ पालक मुलांस सायकल घेऊन देतात आणि रंग व किंमत पाहून समाधान मानतात. डनलॉपनें आपलें चाक आधीं अंगणांत सोडून पाहिलें, आणि मग मुलास त्यावर बसविलें. आपणहि मुलास रस्त्यावर धाडण्यापूर्वीं एकदां वांकून ब्रेकचें रबर कोठें टेंकतें तें पाहावें, एवढीच आमची विनंती आहे.