अमळनेरचे प्राचार्य गुणे, पीटीच्या मास्तरांचे मास्तर

अमळनेर : पीटीचा तास म्हणजे पोरांना मैदानात सोडून द्यायचं, नाहीतर गणिताच्या सरांनी तो मागून घ्यायचा. आपल्या तालुक्यांतल्या किती शाळांत हेच चालतं! हा तास घ्यायलाही शिकून तयार झालेला मास्तर लागतो, हे ज्यांनी मनावर घेतलं त्यांतला एक माणूस इथे अमळनेरात शिकवत होता. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद.

जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातेतल्या डभोईचा. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला हा मुलगा बडोद्याला गेला आणि राजरत्न माणिकरावांच्या व्यायाममंदिरात १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं घाम गाळला. पुढे अमळनेरात शिक्षक झाले, मग राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य. पण इंग्रज सरकारने ते महाविद्यालयच बंद पाडलं. हातात संस्था नाही. दुसरा कुणी असता तर दुसरी नोकरी बघितली असती.

पण मधल्या काळात नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे ते योग शिकले होते. शिकले तेही डोळे उघडे ठेवून. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी बडोद्याच्या दवाखान्यात क्ष-किरणांनी तपासलं. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं, तेही याच तपासणीसाठी.

शाळेची अडचण मात्र वेगळी होती. योग गुरूने एका शिष्याला समोर बसवून शिकवायचा. इथे एक मास्तर, एक शिट्टी आणि समोर पन्नास पोरं. कुणाचं अंग लवचिक, कुणाचं ताठ, कुणी नुकताच डबा खाऊन आलेला. आसनं रिकाम्या पोटी करायची असतात, हे वेळापत्रक लावणाऱ्याला कोण सांगणार? म्हणून नुसतं आसन येणारा शिक्षक पुरत नाही. कोणाला काय द्यायचं, कुठे थांबवायचं आणि का, हे त्याला कळायला हवं. कुवलयानंदांनी सगळ्या वर्गाला एकत्र करता येईल असा व्यायाम बसवला आणि १९३६ मध्ये ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक काढलं. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या समित्यांवरही काम केलं. गांधीजींनी तब्येतीबद्दल त्यांचा सल्ला घेतला, हे सगळे सांगतात. शिक्षकांसाठी केलेली खटपट मात्र मागेच राहते. आमच्या मते मोठं काम तेच.

१९५० च्या सुमारास लोणावळ्यात योगाचं महाविद्यालय उभं राहिलं आणि शिकवणाऱ्यांना शिकवायची पक्की सोय झाली. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजी गेले. लोणावळ्यात योगशिक्षकांचे वर्ग आजही भरतात.